रेकॉर्डिंगमध्ये मध्येच ‘टक्’ येतो? लॅपटॉप बदलण्याआधी हे बघा

लॅपटॉप एवढ्यात बदलू नका. तुम्ही लिहिलंय की विंडोज लॅपटॉप आहे, दोन माइकचा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपपर्यंत पोचवणारा डबा) आहे, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका माइकवर गाणं आणि दुसऱ्यावर पेटी घेता, आणि रॅम वाढवूनही अधूनमधून ‘टक्’ येतोच. यावरून लॅपटॉप कमी पडतोय असं काही मला दिसत नाही. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं, म्हणजे नमुने), २४ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला २८८ किलोबाइट, तासाला साधारण १ जीबी. जुनापुराणा लॅपटॉपही एवढं आरामात लिहितो. घोळ होतो तो इंटरफेसकडून आलेला डेटा ठरल्या क्षणी उचलला न गेल्यामुळे, आणि त्यात रॅमचा हात फारच थोडा.

आधी हा ‘टक्’ फाइलमध्ये आहे का ते बघा. तीच जागा दोन-तीनदा वाजवा. दर वेळी तिथेच आला तर फाइलमध्ये आहे. जागा बदलली किंवा गायब झाला तर रेकॉर्डिंग ठीक आहे, ऐकताना गडबड होतेय. बरेच जण ही पायरी गाळतात आणि चांगला टेक पुसून बसतात.

फाइलमध्येच असेल तर त्या जागी इतकं झूम करा की नमुन्यांचे सुटे ठिपके दिसायला लागतील. निदान इथेच होतं. लाटेचे माथे सपाट कापलेले असतील तर ते क्लिपिंग. गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) जास्त आहे, संगणकाचा काही दोष नाही. २४ बिटमध्ये घेताय, मग सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला तरी चालतं. तबला असेल तर आणखी खाली ठेवा, त्याच्या थापेचा टोकाचा भाग मीटरच्या काट्याला पटकन दिसत नाही. ‘प’, ‘भ’वर मोठी, संथ लाट उठत असेल तर तो तोंडातला वारा, पॉप फिल्टर लावा आणि माइक थोडा तिरका करा. टक् बरोबर फ्रीज किंवा पंप सुरू होतानाच येत असेल तर दोष वायरिंगमध्ये शोधा. आणि लाट मध्येच तुटून दुसऱ्याच उंचीवरून सुरू होत असेल, किंवा काही क्षण सरळ शून्यावर असेल, तर नमुने हरवलेत. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतंय. ऑडॅसिटीच्या प्रेफरन्समध्ये ‘डिटेक्ट ड्रॉपआउट्स’ चालू ठेवा. नमुने हरवल्याचं लक्षात आलं तर रेकॉर्डिंग थांबवल्यावर ते त्या जागी लेबल लावून देतं.

नमुने हरवण्यात पहिला संशय केबल आणि हबवर घ्या. पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी करताना डेटाचा एखादा गठ्ठा (पॅकेट) बिघडला तर तो पुन्हा मागवला जातो, म्हणून कॉपी बरोबर होते. यूएसबी ऑडिओचा डेटा ज्या पद्धतीने येतो तिला आयसोक्रोनस म्हणतात. तिच्यात पुन्हा मागवण्याची सोयच नाही. गेलं ते गेलं, आणि तोच तुमचा टक्. म्हणजे ‘याच केबलने बाकी सगळं चालतं’ हा पुरावा धरता येत नाही. हब काढा, लांबवलेली केबल काढा, इंटरफेस थेट लॅपटॉपला लावा, मग दुसऱ्या बाजूचं पोर्ट वापरून बघा.

तरीही येतोय? मग लेटन्सीमॉन नावाचं मोफत साधन उतरवा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी असतात त्याच गोष्टी चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं चालवा. प्रोसेसर जवळजवळ रिकामा असताना एखादा ड्रायव्हर काही मिलिसेकंद अडवून धरतो आणि बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवतो; टास्क मॅनेजरमध्ये याचा पत्ता लागत नाही. लेटन्सीमॉन त्या ड्रायव्हरचं नाव दाखवतं. ‘एनडीआयएस’ वर आलं तर नेटवर्ककडे बघा: वायफाय बंद करून पुन्हा मोजा. ‘एसीपीआय’ दिसलं तर संशय वीजबचत आणि बॅटरीच्या व्यवस्थेवर. ‘एनव्ही’ने सुरू होणारं लांबलचक नाव असेल तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलून बघा. सोबत पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाका. प्रोजेक्टचं फोल्डर क्लाउडशी आपोआप सिंक होत असेल तर तेही दुसरीकडे हलवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

बफरबद्दल, म्हणजे डेटा उचलला जाईपर्यंत तो साठतो त्या जागेबद्दल, थोडक्यात. ४८ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१ मिलिसेकंद. ‘बफर कमीत कमी ठेवा’ हा सल्ला सगळीकडे फिरतो. तो संगणकातून इफेक्टसह स्वतःला ऐकत गाणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून (संगणकात न जाता थेट) ऐकत असाल तर बफर खुशाल मोठा ठेवा. ऑडॅसिटीत मूळ सेटिंग १०० मिलिसेकंदांचं असतं, त्याला हात लावू नका.

टक् अगदी ठरावीक अंतराने येत असेल तर मात्र प्रकरण वेगळं. दोन उपकरणं एकत्र जोडून रेकॉर्ड करताय का, उदाहरणार्थ इंटरफेसबरोबर एक यूएसबी माइक? प्रत्येकाचं घड्याळ स्वतंत्र असतं. दोन्ही ४८ किलोहर्ट्झ म्हणत असली तरी दहा लाखांत ५० एवढा फरक म्हणजे सेकंदाला २.४ नमुने, मिनिटाला १४४. ते जुळवताना मध्येच उडी पडते. मॅकवर एकत्रित उपकरणाला ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण करता येते, विंडोजवर सरळ यूएसबी माइक बाजूला ठेवून दोन्ही साधे माइक एकाच इंटरफेसला जोडावेत. आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमधला सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) ऑडॅसिटीतल्या प्रोजेक्टशी जुळवून ठेवा. ४४.१ ची फाइल चुकून ४८ म्हणून वाजली तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतं. तानपुऱ्याशी मग कधीच जमत नाही.

जे टेक आधीच बिघडलेत त्यांचं काय? ऑडॅसिटीतलं ‘रिपेअर’ १२८ नमुन्यांपर्यंतचा तुकडा आजूबाजूच्या लाटेवरून भरून काढतं, म्हणजे साधारण पावणेतीन मिलिसेकंद. तेवढाच तुकडा निवडा आणि एकेक टक् हाताने दुरुस्त करा. ‘क्लिक रिमूव्हल’ पूर्ण गाण्यावर फिरवू नका. पेटीच्या पट्ट्यांचा खरा आवाज आणि तबल्याची धारही त्यात बोथट होते. लांब धरलेल्या षड्जावर मोठा खड्डा असेल तर दुरुस्तीत वेळ घालवण्यापेक्षा तेवढी ओळ पुन्हा गाऊन जोडलेली बरी. जोडताना सांध्यावर चार-पाच मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या (एक तुकडा विरत असताना दुसरा वर येतो), नाहीतर तिथेच नवा टक् तयार होईल. आणि हे सगळं प्रतीवर करा, मूळ फाइल तशीच ठेवा.