बॅचचा ग्रुप आणि बॅचमधली माणसं

प्रिय,

हैदराबादला रुळलीस, बरं वाटलं. तिकडच्या साइटवर इंजिनिअर बाई बघायची सवय नसेल, तर होईल हळूहळू.

तुझा प्रश्न असा, की कॉलेज सुटून तीन वर्षं होत नाहीत तोच ग्रुपवर वाढदिवसाच्या केकशिवाय काही उरलं नाही, मग पन्नाशीत काय उरत असेल? बरंच उरतं. फक्त ते ग्रुपवर सापडत नाही.

आमची बॅच १९९१ ची, सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची. पांगलो तेव्हा हाताशी इनलँड लेटर होतं आणि एसटीडी बूथ. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून रांगही अकरानंतरच लागायची. पुढे ऑर्कुट आलं आणि २०१४ मध्ये बंद पडलं. मग व्हॉट्सॅप. सगळे सापडल्याचा पहिले पंधरा दिवस केवढा आनंद! नंतर शुभ सकाळ, राजकारण, त्यावरून जुंपलेली भांडणं, दोघांचं रागारागात ग्रुप सोडणं. तुझ्याही ग्रुपचं हेच होणार. तू म्यूट कर, पण सोडू नकोस. कोण कुठे आहे, कुणाच्या घरी काय झालं, हे तिथं कळतं. तेवढंच त्याचं काम.

मैत्री टिकते ती एकेकाशी वेगळं बोलून. जेफ्री हॉल नावाच्या अमेरिकी संशोधकाचा २०१८ चा अभ्यास आहे. त्याच्या अंदाजाने नुसती ओळख साध्या मैत्रीपर्यंत यायला पन्नासेक तास एकत्र जावे लागतात आणि जवळची मैत्री व्हायला दोनशेच्या वर. होस्टेलवर दोनशे तास म्हणजे काय गं! सबमिशनच्या आठवड्यात ड्रॉइंग शीट ट्रेस करता करताच निम्मे व्हायचे. चाळिशीत नोकरी, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन यांतून नव्या माणसासाठी एवढे तास काढायचे तर वर्षं जातात. तुझे कॉलेजमधल्या पाच-सहा जणींबरोबरचे तास आधीच भरून झालेत. ते वाया घालवू नकोस.

आता बायकांची एक वेगळी अडचण, जी पुरुषांच्या ध्यानातही येत नाही. आमच्या पिढीत लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचे. आडनाव बदलायचंच, कित्येकींचं पहिलं नावही जायचं. माझी होस्टेलची रूममेट अशीच हरवली. मार्कलिस्टवर एक नाव, लग्नानंतर दुसरं, आणि सोसायटीत ती नुसती मुलाची आई. माहेरचा लँडलाइन कधीच बंद झालेला. शेवटी तासगावच्या बेदाण्याच्या एका अडत्याकडून तिच्या भावाचा नंबर मिळाला, कारण भावाची द्राक्षबाग होती एवढंच मला आठवत होतं. फोनवर मी माझं माहेरचं आडनाव सांगितलं आणि ती पलीकडून माझा रोल नंबर म्हणाली. तू मैत्रिणींचे नंबर ठेवतेस तसे त्यांच्या आईचे किंवा भावंडांचेही ठेव. नंबर बदलतात, माहेरचं गाव सहसा बदलत नाही.

एवढ्या वर्षांनी फोन करायला संकोच वाटतो, समोरच्याला वाटेल काहीतरी काम असणार. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकायचं, काही काम नाही, आठवण आली. पेगी लिऊ नावाची संशोधक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हेच तपासलं होतं. आपल्या अशा अचानक आठवण काढण्याने समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज आपण कमीच धरतो. मेसेजही मोघम नको. ‘कशी आहेस’ला ‘मजेत’ एवढंच उत्तर येतं. ‘सर्व्हे कॅम्पमध्ये ज्याच्या टोपीत विंचू निघाला होता, तो माणूस आज स्टेशनवर दिसल्यासारखा वाटला’ असं लिहिलंस तर तासाभराच्या गप्पा होतात.

दुःखाच्या वेळी ग्रुपवर हात जोडलेली साठ चित्रं पडतात. तू त्यात एक टाक, हरकत नाही, पण खरा फोन तेराव्यानंतर कर. तोवर घर माणसांनी भरलेलं असतं. पाहुणे गेले, बँकेत वारसाचे कागद, पेन्शनचे फॉर्म असं सुरू झालं, की माणूस एकटा पडतो.

गेट-टुगेदरचं सांगते. महाबळेश्वरचं रिसॉर्ट, माणशी अमुक हजार, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट. ज्याचा धंदा बसलाय किंवा ज्याची नोकरी गेलीय तो ‘घरी कार्य आहे’ असं कळवतो. कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही ते बघत जा आणि त्याला महिन्याभरात आपण होऊन भेट. शक्य तर कॉलेजच्या गावातच एक दिवस जमा, मिसळ खा, संध्याकाळी आपापल्या घरी.

पैशाचा विषय निघतोच. कुणी विमा विकेल, कुणी उसने मागेल. परत आले नाहीत तरी आपली झोप उडणार नाही एवढेच द्यावेत आणि पुन्हा विषय काढू नये. नाही म्हणायचं तर त्याच दिवशी म्हणावं. ‘बघते’ म्हणून लटकवून ठेवण्यानं जास्त कडवटपणा येतो.

आणि दोनतीनदा फोन करूनही जो उलट कधी करत नाही, त्याला सोडून द्यावं. मनात अढी मात्र ठेवू नये. पुढेमागे तोच आपण होऊन फोन करतो, असंही होतं.

तुझी एमपीएससीवाली मैत्रीण फोन उचलत नाही, असं तू शेवटी लिहिलंयस. निकाल लागेपर्यंत थांबू नकोस. पास झाली तर गर्दीत तुझा आवाज तिला ऐकू येणार नाही, आणि नाही झाली तर ती त्या दिवशी कुणाचाच फोन घेणार नाही. आत्ताच, आडवारी एखादा व्हॉइस मेसेज टाक. अभ्यासाचं, कट-ऑफचं चकार शब्दाने विचारू नकोस. तुझ्या साइटवरच्या मुकादमाच्या गमती सांग आणि शेवटी स्पष्ट म्हण, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पुढच्या आठवड्यात मी परत टाकणार आहे. आणि खरंच टाक.

तुझी,
ताई