पोरगी बीफ प्लांटमध्ये चाललीय, आणि काळजी भलत्याच गोष्टीची

वाळवा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी नेब्रास्कात फूड सायन्समध्ये एमएस करतेय, मे मध्ये संपेल. तिथले गाई पाळणारे रँचर लोक मिळून बीफ प्रोसेसिंग प्लांट काढतायत, त्यांनी तिला फूड सेफ्टीच्या कामाची ऑफर दिलीय. वडील लिहितात, "आम्ही माळकरी. चार एकर तारण ठेवून 38 लाख उचलले ते पोरीला खाटीक करायला का? ती म्हणते, बाबा हा आपल्या साखर कारखान्यासारखाच आहे, शेतकऱ्यांचा. तुम्ही तिला आयटीत वळायला सांगा, तुमचं ऐकेल."

राम राम दादा,

पत्र दोनदा वाचलं. दोन पानांत "आम्ही ठरवलंय" पाच वेळा आलंय आणि "ती म्हणते" एकदाच, तेही तिचं खोडून काढायला. मी तिला आयटीत वळायला सांगणार नाही, हे आधीच सांगून टाकते. सहा वर्षं फूडमध्ये घालवलेल्या मुलीने आता कोडिंगचा क्लास लावायचा, तो कशासाठी, तर गावात विचारलं तर सांगायला बरं पडावं म्हणून?

खाटीक हा शब्द तुम्ही जसा वापरलाय तसा वापरू नका. त्या कामावर पिढ्यान्‌पिढ्या घर चालवणारी माणसं तुमच्याच बाजारपेठेत बसतात, त्यांच्या पोरी पण माझ्याकडे सल्ल्याला येतात आणि त्यांच्यासमोर मी हे पत्र वाचू शकणार नाही.

माळेचा मान मला कळतो हो, माझी आजी वारी करायची. उद्या तुमची मुलगी स्वतः म्हणाली की मला हे बघवत नाही, तर विषय तिथंच संपला, विस्कॉन्सिनमध्ये चीजचे कारखाने आहेत, धान्याचं काम आहे, तिच्या डिग्रीला तोटा नाही. पण तिला हे कुणी विचारलंय का? पत्रावरून तरी वाटत नाही. तारण ठेवलेली जमीन तुमची, मान्य, पण हप्ते ती फेडणार आणि नोकरी कुठली ते तुम्ही ठरवणार, हे जुळत नाही.

तिचं काम काय असेल ते सांगते. पहाटे शिफ्ट चालू व्हायच्या आधी डोक्याला जाळी, पायात स्टीलच्या टोकाचे बूट आणि हातात टॉर्च घेऊन कन्व्हेअरच्या सांध्यात रात्रीच्या धुण्यानंतर चरबीचा कण राहिलाय का ते बघायचं, राहिला असेल तर लाइन चालू होऊ द्यायची नाही. मग नमुने. 1993 साली तिकडे नीट न शिजलेल्या हॅम्बर्गरमुळे चार मुलं दगावली, त्यानंतर 1994 पासून ई. कोलाय ओ157 हा घातक जिवाणू सापडलेला खिमा कायद्याने विकताच येत नाही, त्यामुळे लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत तो लॉट गेटबाहेर सोडत नाहीत. सरकारी इन्स्पेक्टर प्लांटमध्येच असतो. हे जबाबदारीचं काम आहे आणि आईवडिलांनी लाजावं असं त्यात काही नाही.

आता मला ज्याची खरी काळजी वाटली ते. तुमच्या अख्ख्या पत्रात एकच वाक्य घाबरवणारं आहे आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय, "प्लांटचं बांधकाम अजून सुरू व्हायचंय."

आणि तिचं ते कारखान्यासारखं असणं. अर्धं बरोबर आहे. 1990 च्या दशकात कॅन्सस भागातल्या शेतकऱ्यांनी यू.एस. प्रीमियम बीफ काढली, तिथं एक शेअर म्हणजे वर्षाला एक जनावर घालायचा हक्क, आणि बंधन पण, म्हणजे आपला ऊसच की. कारणही तसंच. तिकडे टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चौघांकडे खाण्यासाठी पोसलेल्या गुरांची जवळजवळ 85 टक्के कत्तल जाते, भाव तेच सांगणार. 2019 च्या ऑगस्टमध्ये कॅन्ससमधल्या हॉलकॉमला टायसनच्या प्लांटला आग लागली तर रँचरचा भाव पडला आणि मांसाचा भाव वर गेला, त्यावर ही माणसं अजून चिडून आहेत. पण उरलेलं अर्धं चुकीचं आहे. ऊस तोडला की दोन दिवसांत वाळतो, लांब नेता येत नाही, शिवाय दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतर ठेवायचा नियम, सरकारचं भागभांडवल, बँकेला हमी. प्रवरानगरला 1950 साली विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी जे उभं केलं त्याच्या पाठीशी सरकार होतं. जनावर ट्रकमध्ये घालून शेकडो मैल जातं. मोठ्या कंपनीने चार महिने जरा जास्त भाव दिला की सभासदाचा पाय घसरतो आणि नवा प्लांट जनावरावाचून बसतो. आणि पैशाचं बघा, इकडे एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव, 14 दिवसांत द्यायची तर आपल्याकडे किती बोंब असते, तिकडे कायद्याने गुरांचे पैसे लगेच पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत चुकते करावे लागतात. म्हणजे इमारतीच्या पैशाशिवाय रोज फिरवायला प्रचंड रोकड हवी. साउथ डकोटात अ‍ॅबर्डीनला नॉर्दर्न बीफ पॅकर्स नावाचा प्लांट (सहकारी नव्हता तो) कित्येक वर्षं रखडत 2012 ला चालू झाला आणि 2013 ला दिवाळखोरीत गेला, हातात खेळतं भांडवलच नव्हतं.

झालेलंही आहे, नाही असं नाही. तिच्याच राज्यात नॉर्थ प्लॅटला सस्टेनेबल बीफ म्हणून शेतकरी आणि फीडलॉटवाल्यांनी (कत्तलीआधी गुरं पोसणारे) गावाच्या जुन्या सांडपाण्याच्या तळ्याच्या जागेवर प्लांट उभा केला, दिवसाला 1500 जनावरं, 2022 ला पाया आणि 2025 ला सुरू. पण त्यात वॉलमार्टने आधीच हिस्सा घेतला होता, म्हणजे माल घेणारा पक्का. यू.एस. प्रीमियमवाल्यांनी तर नवीन बांधायच्या भानगडीत न पडता चालू कंपनीतच भाग घेतला, मला विचाराल तर तेच शहाणपणाचं. आणि वेळ बघा, जानेवारी 2025 ला अमेरिकेत 8 कोटी 67 लाख गुरं होती, 1951 नंतर एवढी कमी कधीच नव्हती. नोव्हेंबर 2025 मध्ये टायसनने त्याच राज्यातला लेक्झिंग्टनचा प्लांट बंद करायचं जाहीर केलं, हजारो माणसांची नोकरी. गुरं नाहीत तर चालू प्लांट बंद पडतायत आणि ही माणसं नवीन काढतायत.

याचा तुमच्या मुलीशी संबंध व्हिसाने येतो. पास झाल्यावर ओपीटीच्या, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीच्या, पहिल्या वर्षात एकूण 90 दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही. जॉइनिंग "बांधकाम झाल्यावर" असेल आणि बांधकाम वर्षभर लांबलं तर तिला परत यावं लागेल, हप्ता मात्र चालूच. पुढच्या दोन वर्षांच्या एक्स्टेंशनला कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामगारांची कामाची परवानगी तपासायच्या सरकारी यंत्रणेत, लागते, नवीन कंपनीने ते केलंय का? त्यापुढचा नोकरीचा व्हिसा, एच-वन बी, ही लॉटरी आहे, त्यावर बोलण्यात अर्थ नाही. इकडे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या परीक्षा आहेत, त्यांचं नंतर बघू.

माझं मत, तिने आधी दोन वर्षं चालू प्लांटमध्ये काढावीत, बीफ नको असेल तर चीजच्या, आणि या रँचर लोकांना सांगून ठेवावं की लाइन चालू व्हायच्या सहा महिने आधी बोलवा. अनुभवी माणूस त्यांनाही तेव्हाच लागेल. पण हे मत तिचे कागद न बघता दिलंय. ऑफर लेटरमध्ये जॉइनिंगची तारीख आहे का, कर्ज मंजूर झालंय की नुसती बोलणी, माल कोण घेणार, किती सभासदांनी गुरं घालायचं लेखी दिलंय, हे तिने त्यांना विचारावं. तुम्ही आयुष्यभर कारखान्याच्या वार्षिक सभेला बसलाय, ताळेबंदातलं खेळतं भांडवल कुठं बघायचं ते तुम्हाला येतं, तिला नाही. रविवारी फोन आला की गावात काय म्हणतील हा विषय न काढता ते शिकवा.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. ऑफर लेटर सोबत जोडायला सांगा, पगाराचा आकडा झाकला तरी चालेल.