नवीन योजना शोधण्याआधी पोडाच्या नावावरचा पैसा कुठे जिरतो ते पाहा

भाऊ, तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: यवतमाळचा झरी जामणी तालुका, गट ग्रामपंचायत (काही गावांची मिळून एक), त्यात साठेक घरांचं तुमचं पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. मुख्य गावाकडे जायचा रस्ता दीड किलोमीटर जंगलातून, वनविभाग मुरूमसुद्धा टाकू देत नाही. मार्च लागला की हापसी (हातपंप) आटते. आमदारांचा माणूस सांगतो, "निधी येऊन राहिला." तुम्ही यंदा पहिल्यांदा सदस्य झालात आणि विचारता, कोणत्या योजनेत अर्ज करू?

माझी नोकरी सगळी पंचायत समितीत गेली. सध्या कुठेच अर्ज करू नका. पोडाच्या लोकसंख्येवर जो पैसा आजही ग्रामपंचायतीत येतो तो आधी हुडका. बहुतेक गट ग्रामपंचायतींत तो मुख्य गावाच्या चौकातल्या पेव्हर ब्लॉकमध्ये जिरतो.

सुरुवात केंद्राच्या वित्त आयोगाच्या पैशापासून करा. 14व्या आयोगाचे सगळे पैसे थेट ग्रामपंचायतीला यायचे. 15व्यात (2021 ते 2026) आपल्या राज्यात 80 टक्के ग्रामपंचायतीला, बाकीचे दहा-दहा टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. त्यातले 60 टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छता सोडून दुसरीकडे वापरता यायचे नाहीत. वाटप मुख्यतः लोकसंख्येवर, म्हणून लहान गावाच्या वाट्याला रक्कम लहानच येते, हे खरं. पण तुमच्या पोडाची डोकी त्या हिशेबात मोजलेली असतात, हेही तितकंच खरं. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमची ग्रामपंचायत निवडा, मागच्या सालांचा विकास आराखडा उघडा, आणि कामाच्या नावापुढे खर्च किती दाखवला ते वहीत उतरवा. मग ती वही घेऊन गावात फिरा. "पोड येथे पाणीपुरवठा दुरुस्ती" असं नाव असतं आणि पाइप मुख्य गावात पुरलेला असतो, असे प्रकार आम्ही तपासणीत पाहिले आहेत. भांडण करायची गरज नाही. मासिक सभेत एवढंच विचारा की हे काम मला जागेवर दाखवा, आणि प्रश्न कार्यवृत्तात लिहून घ्यायला लावा.

दुसरा पैसा पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालचा. तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात येतं का ते तहसीलमध्ये विचारून घ्या, कारण यवतमाळचे काही तालुके पूर्ण नाहीत, गावागावाने यादी आहे. येत असेल तर 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा (आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या बजेटचा) 5 टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो. पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण-स्वच्छता, आणि वन-जलसंधारण असे त्याचे चार भाग. हा पैसा कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेने ठरवायचं असतं, सचिवाने आराखडा टाइप करून आणला आणि खाली सह्या घेतल्या असं नाही.

इथेच तुमची खरी गोम आहे. गट ग्रामपंचायतीच्या एकत्र ग्रामसभेत साठ घरांचा आवाज चालत नाही. कोरम (किमान हजेरी) मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जो आकडा कमी तो. आणि तहकूब झालेल्या सभेला कोरमच लागत नाही. म्हणजे पहिली सभा कोरमअभावी तहकूब होते, दुसऱ्या सभेला तुमच्या पोडातले लोक मजुरीवर गेलेले, आणि ठराव "सर्वानुमते" पास. यावर कायद्यात वाट आहे. राज्याच्या 2014 च्या पेसा नियमांनुसार पाडा, पोड, टोला यांना स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेता येतं. तिथल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा. गाव जाहीर झालं की तुमची ग्रामसभा वेगळी आणि ग्रामसभा कोषाचं खातंही वेगळं. ग्रामपंचायत एकच राहते, त्यामुळे सरपंचाला "आमचं गाव तोडता का" म्हणायची सोय राहत नाही. (म्हणणार तरीही. म्हणू द्या.) मला विचाराल तर वर्षभरात एवढं एकच काम झालं तरी चालेल, बाकीची वाट त्यातून निघते.

आता रस्ता. वनविभाग अडवतो तो बहुधा वन संवर्धन कायद्यावर बोट ठेवून. पण 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) फार कमी लोक वापरतात. शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, पाइपलाइन, वीज, रस्ता अशा 13 सुविधांसाठी वनजमीन देता येते. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. तुमचा हिशेब करा: 1500 मीटर लांब, 5 मीटर रुंद, म्हणजे 7500 चौरस मीटर, पाऊण हेक्टर. बसतो! रस्ता 7 मीटर धरला तर मात्र एक हेक्टरच्या वर जातो. त्यामुळे जेई (कनिष्ठ अभियंता) एस्टिमेट करेल तेव्हा रुंदी किती धरतो तिकडे लक्ष ठेवा, नाहीतर पुढे वर्षभर फाइल नागपूर-मुंबई करत राहील. प्रस्ताव उपवनसंरक्षकांकडे जातो.

या रस्त्याला पैसा कुठून, तर कोलाम ही विशेष असुरक्षित आदिवासी जमात आहे (आपल्या राज्यात कातकरी आणि माडिया गोंडही). नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेलं पीएम-जनमन याच जमातींसाठी आलं: रस्ते, पाणी, फिरतं आरोग्य पथक, 2 लाखांचं घरकुल. तुमच्या पोडाचं नाव त्या सर्वेक्षणात आहे का, हे पांढरकवड्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात लेखी विचारा. नाव सुटलं असेल तर तेही लेखी घ्या. तोंडी "पाहतो" म्हणजे काहीच नाही.

पाण्याबाबत घाई करू नका. तुमच्या आणि केळापूरच्या पट्ट्यात भूजलात फ्लोराइड आहे. सगळ्यांना बोअर हवी असते कारण ती आठवड्यात दिसते आणि तिच्यावर नावाची पाटी लागते. आधी हापसीचं पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासा. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड निघालं तर त्याच खडकात आणखी खोल जाण्यात अर्थ नाही, तिथे नाल्याकाठची उथळ सार्वजनिक विहीर बरी. बंधित निधी याच कामाला असतो.

ठरावाची भाषा यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. कार्यवृत्तात शंभरदा वाचलेलं वाक्य असं: "पोडातील पाण्याची समस्या सोडविण्यात यावी." या ठरावाचं बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेब काय करतील? फाइलला लावतील. त्याऐवजी असं लिहा: "पोडाच्या पूर्वेस, गट क्रमांक अमुक, ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवर, नाल्यापासून इतक्या मीटरवर सार्वजनिक विहीर, लाभार्थी कुटुंबं इतकी, सध्याच्या हापसीचा पाणी तपासणी अहवाल सोबत, खर्च बंधित निधीतून, अमुक सालच्या आराखड्यात समाविष्ट." सोबत सातबारा आणि नकाशाचा तुकडा. असा ठराव नाकारायचा तर अधिकाऱ्याला कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायला कोणालाच आवडत नाही. आधी महिला सभा घ्या, विहिरीची जागा बायांनाच दाखवायला सांगा. पाण्याने भरलेला गुंड डोक्यावर घेऊन चालणाऱ्याला चढ कुठे आहे ते ठाऊक असतं.

आमदारांच्या माणसाच्या "निधी"बद्दल एवढंच: तो बहुधा पंचवीस-पंधरा हेडचा असतो, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या कामांचा. मिळाला तर घ्या, नाही म्हणू नका. पण त्यातून सभामंडप आणि सिमेंट रोड निघतो, कारण ती कामं एका मोसमात होतात. मी एका पोडात असा रोड पाहिला: वीतभर उंच, दोन्ही बाजूंना नाली, आणि नाली जिथे संपते तिथे हापसी. अख्ख्या वस्तीचं सांडपाणी हापसीच्या ओट्याखाली. एमबीत (मोजमाप पुस्तिकेत) काम शंभर टक्के पूर्ण. तुमच्याकडे नाली झालीच तर पाणी सोडायचं कुठे, हे एस्टिमेटमध्ये लिहून घ्या.

वरून आलेल्या पैशाचा अनुभव आपल्याला नवा नाही. 2006 मध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचं 3,750 कोटींचं पॅकेज आलं, त्यात कोरडवाहू शेतकऱ्यांना संकरित गाई वाटल्या. चारा नाही, पाणी नाही, दूध घ्यायला डेअरी नाही. बऱ्याच गाई विकल्या गेल्या. उलट गडचिरोलीतल्या धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल राखायचा-वापरायचा हक्क, घेतला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. त्यांना कोणी पॅकेज दिलं नव्हतं. तुमच्या पोडाभोवती जंगल आहे, तेंदू आहे. सामूहिक हक्काचा दावा केला आहे का, ते तुम्ही लिहिलंच नाही.

तर पुढच्या ग्रामसभेआधी तीन कागद जमवा: आराखड्याची प्रत, पेसा यादीतलं गावाचं नाव, पाणी तपासणी अहवाल. मग ठरावाचा मसुदा इथे टाका, मी भाषा पाहून देतो. गट क्रमांक मात्र तलाठ्याकडून खात्री करूनच लिहा.