शनिवारची तारीख रद्द कर, आधी लेन्स काढ

चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसर ऑपरेशनबद्दल, लेसिकबद्दल, तू लिहिलेलं काल रात्री वाचलं आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही. वय २४, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाचच्या आसपास नंबर, कॉलेजपासून लेन्स, नवरात्र महिन्यावर आलेलं. सेंटरवाले म्हणतात गुरुवारी तपासणी करून शनिवारी उरकून टाकू, आणि धाकट्या भावाचंही सोबत केलं तर सवलत. आई नको म्हणते, म्हणून तू विचारतेस की करू का नको. नऊ वर्षांपूर्वी मी २७ वर्षांची होते आणि नेमकी याच जागी उभी होते. गरब्याऐवजी माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं, एवढाच फरक. तुला 'तू' म्हणते, चालेल ना? माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

लेसिक म्हणजे काय, किती मिनिटं लागतात, दुखतं का, हे सगळं तुला चित्रं दाखवून सांगितलं असणार. त्यात मी जात नाही. मी डॉक्टर नाही, बडोद्यात मांजलपूरला एका शाळेत गणित शिकवते. त्यामुळे इथे लिहिते ते एका पेशंटचं बोलणं म्हणून वाच आणि तुझ्या डॉक्टरांना विचारून पडताळून घे.

माझी चूक लेन्सची. तपासणीची वेळ घेताना मी फोनवर स्वतः विचारलं होतं की लेन्स किती दिवस आधी काढायची. पलीकडची मुलगी म्हणाली, "बेन, आदल्या दिवशी नका घालू, चालेल." मला बरंच वाटलं, कारण शाळेत चष्मा घालायचा मला कंटाळा होता. माझ्या लेन्स सिलिंडर नंबरच्या, म्हणजे कॉर्नियाचा गोलवा सगळीकडे सारखा नसला की जो नंबर लागतो त्याच्या, आठ वर्षं रोज बारा-बारा तास डोळ्यांत. मंगळवारी संध्याकाळी काढल्या, गुरुवारी तपासणी झाली, शनिवारी ऑपरेशन. "लेन्स कधी काढलीत?" हे तपासणीच्या खोलीत मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

लेन्स या कॉर्नियावर, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर बसते. वर्षानुवर्षं बसली की त्याचा आकार थोडा बदलतो, थोडी सूजही असते. लेन्स काढली की तो हळूहळू मूळच्या आकारावर येतो, पण त्याला दिवस लागतात. साध्या मऊ लेन्ससाठी एक ते दोन आठवडे, सिलिंडरवाल्यांसाठी निदान दोन, आणि कडक लेन्स असतील तर तीन-चार आठवडे किंवा त्याहूनही जास्त. त्याआधी माप घेतलं तर नंबरही थोडा इकडचा तिकडे येतो आणि कॉर्नियाचा नकाशाही. लेसरला मग तेच माप दिलं जातं आणि तो त्याप्रमाणे कॉर्निया घासून मोकळा होतो.

माझा उजवा डोळा छान झाला, हे आधी सांगते. सकाळी उठल्यावर चष्मा न चाचपडता समोरचं घड्याळ दिसतं, याचा आनंद नऊ वर्षांत कमी झालेला नाही. डाव्याला मात्र पाऊण नंबर राहिला आणि वर सव्वाचा सिलिंडर. दिवसा भागतं. रात्री शिकवणी संपवून स्कूटरवरून दांडिया बाजारला घरी येताना, काला घोडा सर्कलला समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याला खाली तिरकी शेपूट दिसते. पावसात रस्ता ओला असला की दिवा कुठला आणि त्याचं प्रतिबिंब कुठलं ते कळत नाही. शेवटी रात्री गाडी चालवायला पुन्हा चष्मा केला, तो आजही डिकीत असतो.

सेंटरवाल्यांनी तीन महिने "थेंब टाका, सेट होईल" सांगितलं. पुढचे तीन महिने "थोडं थांबा". मग म्हणाले, पुन्हा एकदा लेसर मारून टच-अप करून देऊ. तेव्हा माझ्या भावाने हट्टाने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ऑपरेशनच्या आधीचे नकाशे कुठे आहेत? कॉर्नियाची जाडी किती होती, फ्लॅप, म्हणजे लेसरआधी कापून उचलतात ती कॉर्नियाची वरची चकती, किती जाड कापला, लेसरने किती थर काढला? माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. फाइल सेंटरकडेच राहिली होती आणि मी कधी मागितली नव्हती.

त्या फाइलसाठी मी तीन फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा सांगितलं, जुन्या फाइली गोदामात आहेत, आठवड्याने या. आठवड्याने गेले तर संगणकाची सिस्टिम बदलली, मागचा डेटा त्यात आलेला नाही. तिसऱ्यांदा शाळेतून अर्धी रजा घेऊन गेले आणि दोन तास बसले. हातात अर्ध्या पानाचं कार्ड आलं. नाव, तारीख, कोणता डोळा आणि 'शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली'. माझ्याच डोळ्यांची मापं, मी पैसे मोजून काढलेली, आणि ती मागताना मी काही उपकार मागते आहे अशी वागणूक! पैसे भरायचे होते तेव्हा हीच माणसं दिवसातून दोनदा फोन करत होती. आजही त्या रस्त्यावरून जाताना माझा जीव जळतो.

एक आकडा नशिबाने हाती लागला. तपासणीच्या दिवशी भाऊ सोबत होता आणि त्याने सहज मशीनच्या स्क्रीनचा फोटो काढला होता. त्यात डाव्या डोळ्याच्या कॉर्नियाची जाडी दिसत होती, ५१२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दुसऱ्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि पेनाने आकडे मांडले. ५१२ मधून फ्लॅपचे १२० वजा. माझ्या नंबरला एका नंबरामागे साधारण १५ मायक्रॉन धरून १०० वजा. खाली उरले २९२. मग त्यांनी मशीनवर प्रत्यक्ष मोजलं, तर २८८. पुन्हा लेसर मारायचं तर अजून २५-३० जाणार. ते म्हणाले, "२५० च्या वर राहतंय म्हणून करून देणारे भेटतील. मी स्वतः ३०० च्या खाली जात नाही, आणि तुम्ही आधीच खाली आहात." शेजारी त्यांनी आणखी एक भागाकार केला. कापलेले आणि काढलेले मिळून २२०, भागिले ५१२, म्हणजे ४३ टक्के. ४० च्या पुढे गेलं की कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगण्याचा धोका वाढतो, असं त्यांनी समजावलं.

तो कागद मी जपून ठेवला आहे. असली वजाबाकी मी सातवीच्या मुलांना देते. ऑपरेशनच्या आधी हे आकडे कोणी माझ्यासमोर ठेवले असते तर मी पाच मिनिटांत उठून घरी आले असते. फ्लॅप न कापता वरच्या वर लेसर करतात त्या पीआरकेत एवढी जाडी वाया गेली नसती. चार-पाच दिवस डोळे चुरचुरले असते, नजर साफ व्हायला आठवडे लागले असते, पण खाली बरंच शिल्लक राहिलं असतं.

डाव्या डोळ्याचा उरलेला नंबर लेन्समुळेच राहिला हे सिद्ध करता येणार नाही, असंही त्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जखम भरताना प्रत्येकाचा कॉर्निया थोडा वेगळा वागतो. पण सिलिंडरची लेन्स दोन दिवसांपूर्वी काढून घेतलेल्या मापावर त्यांनी स्वतः ऑपरेशन केलं नसतं, हेही म्हणाले.

तुझ्यापुरतं गणित मांडून बघ. साडेपाच नंबर म्हणजे साधारण ८२ मायक्रॉन. जाडी ५४० निघाली तर फ्लॅप धरूनही खाली ३३८ उरतात. ५०० निघाली तर २९८, मग लेसिकच्या वाटेला जाऊ नकोस असं माझं मत. हा अंदाज आहे, प्रत्येक मशीनचा आणि पद्धतीचा हिशोब वेगळा असतो. पण तू आकडे विचारलेस आणि समोरच्याने ते न देता सवलतीचा विषय काढला, तर तिथून उठ.

तुझ्या लिहिण्यातली एक ओळ मला सगळ्यात जास्त खटकली. "डोळे खाजतात, चोळायची सवय आहे" असं तू जाता जाता लिहिलंस. हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांग. फार चोळणाऱ्या, अ‍ॅलर्जी असलेल्या डोळ्यांत केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं, दडलेलं असू शकतं, आणि त्यावर लेसिक केलं तर नजर आणखी बिघडते. माझ्या मावसभावाला कारेलीबागेतल्या एका डॉक्टरांनी पेंटाकॅमचा, म्हणजे कॉर्नियाचं माप घेणाऱ्या मशीनचा, नकाशा बघून परत पाठवलं. तो तेव्हा चिडला होता. दोन वर्षांनी नंबर भराभर बदलायला लागला आणि त्याला क्रॉसलिंकिंग, म्हणजे कॉर्निया घट्ट करायचा उपचार, करून घ्यावं लागलं. परत पाठवणाऱ्या त्या डॉक्टरांचं नाव आता आमच्याकडे आदराने घेतात. तोवर चोळणं बंद कर, खाज आली की गार पाण्याची पट्टी ठेव.

डोळे कोरडे आहेत का हेही बघून घे. पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवून किती ओली होते ते मोजतात. माझी ती चाचणी झालीच नव्हती. फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसा तुटतात, त्या परत यायला महिने जातात, तोपर्यंत कोरडेपणा वाढतो. तू दिवसभर एसीत संगणकासमोर असतेस म्हणून मुद्दाम सांगते. डोळ्याच्या मागच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी थेंब टाकून, बाहुली मोठी करून करायला लाव. साडेपाच नंबरवाल्यांचा मागचा पडदा ताणलेला असतो, लेसिकने समोरचा नंबर जातो, मागचा पडदा आहे तसाच राहतो. आणि गेल्या वर्षभरात नंबर बदलला असेल तर पुढचं सगळं सोड, आधी तो थांबू दे.

आता तुझ्या भावाचं. तो रेल्वेत लोको पायलटच्या भरतीची तयारी करतोय ना? मग त्याला हातही लावू देऊ नका. असिस्टंट लोको पायलटला लेसिक केलेला उमेदवार अपात्र ठरतो. सैन्यात काही ठिकाणी चालतं, पण वय, ऑपरेशनला झालेले महिने, उरलेली जाडी अशा अटी असतात. जाहिरातीतली वैद्यकीय पात्रता आधी वाचायची. दोघांच्या सवलतीपायी मुलाची नोकरी जायची.

विम्याचं विचारलंस. साडेसातपेक्षा कमी नंबर असेल तर आरोग्य विम्यात हा खर्च मिळत नाही, पॉलिसीत तसं लिहिलेलं असतं. त्यामुळे पैसे घरचेच धर.

आईचं म्हणणं पूर्ण उडवून लावू नकोस. माझी आई ६८ वर्षांची, मायनस चार नंबर, आजही चष्मा काढून सुईत दोरा ओवते. लेसिक झालं की चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागणार, ही जवळची सोय आपल्याकडून जाते. मला ते कोणी सांगितलं नव्हतं. तरीसुद्धा मी तुला करू नकोस असं म्हणत नाही. उजव्या डोळ्यासारखं दोन्हींना होणार असेल तर जरूर कर.

फक्त आत्ता नको. नवीन फ्लॅप घेऊन त्या धुळीत, गर्दीत, डोळ्यांत काजळ-लायनर घालून गरबा खेळायचा विचारही करू नकोस. कोणाचं कोपर लागलं तरी फ्लॅप सरकू शकतो. यंदाचे नऊ दिवस लेन्सवर काढ, जमलं तर रोज फेकून द्यायच्या घे, आणि कितीही उशीर झाला तरी झोपायच्या आधी काढ.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून लेन्स बंद, नुसता चष्मा. दिवाळी येईपर्यंत वीसेक दिवस होतात. फटाक्यांचा धूर संपून लाभपाचमेला सगळं उघडलं की पहिली तपासणी, शक्यतो जिथे ऑपरेशन करणार नाहीस अशा डॉक्टरांकडे. आठ-दहा दिवसांनी दुसरी, सेंटरमध्ये. दोन्हींचे आकडे जुळले, जाडी पुरेशी निघाली, नकाशा स्वच्छ आला तर देवदिवाळीच्या सुमारास तारीख घे. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, तेव्हा जवळपास दोन महिने असतात. पीआरके झालं असेल तर गच्चीवर उन्हाच्या चष्म्याशिवाय जाऊ नकोस, उन्हाने कॉर्नियावर पांढुरकी झाक येऊ शकते.

आणि पैसे भरण्याच्या आधी, नंतर नव्हे, पेंटाकॅमचे दोन्ही डोळ्यांचे नकाशे, जाडी आणि चष्म्याचा नंबर छापून घे. ऑपरेशन झाल्यावर फ्लॅप किती आणि थर किती काढला हेही त्याच दिवशी लिहून माग. साठीत मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढायला डॉक्टर हेच आकडे विचारतील, कारण लेसर झालेल्या कॉर्नियावर नेहमीचा हिशोब चुकतो. मी माझ्याकडे आहे तेवढं, म्हणजे तो उलटा कागद आणि भावाने काढलेला फोटो, आधार कार्डाच्या फाइलमध्ये लावून ठेवलं आहे. शनिवारची तारीख आजच फोन करून रद्द कर, आगाऊ पैसे दिले असतील तर ते लेखी मागून घे.