भारतीय पैलवान परदेशात जाऊन मुद्दाम खलनायक का होतात? यात देशाची बदनामी होत नाही का?

बदनामी कसली डोंबलाची? दारासिंग आणि किंग काँगच्या कुस्त्यांना आपल्याकडं मैदानं भरायची. किंग काँग मूळचा हंगेरीकडचा, अंगानं अवाढव्य, आणि निम्मे लोक त्याला शिव्या घालायलाच तिकीट काढायचे. त्यानं हंगेरीचं काय वाकडं झालं? हंगेरी कुठं आहे हे आमच्या आजोबांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं, किंग काँग मात्र पक्का माहीत होता.

कारण सरळ पोटाचं आहे. तिकडची कुस्ती म्हणजे तिकीट लावून केलेला खेळ, त्यात एक नायक आणि एक खलनायक लागतोच. परक्या मुलखात नायकाची जागा तिथल्या पोरानं आधीच धरलेली असते. बाहेरून आलेल्यानं एकतर सुरुवातीच्या कुस्त्यांत पडून मुकाट घरी जायचं, नाहीतर शेवटच्या कुस्तीत त्या नायकासमोर उभं राहायचं. पैसे शेवटच्या कुस्तीला असतात, आणि पोस्टरवर फोटो दोघांचाही छापतात. त्यात भाषा यायची गरज नाही, उलट न आलेली बरी. लोक तुमच्यावर आधीच डोळा ठेवून असतात, तुम्ही फक्त मान ताठ ठेवून चालायचं.

टायगर जीत सिंग पंजाबातून कॅनडात गेले आणि नाव काढलं जपानमध्ये. डोक्याला फेटा, तोंडात तलवार, समोर जपान्यांचा लाडका पैलवान अँटोनियो इनोकी. १९७३ साली टोकियोच्या शिंजुकु भागात इनोकी बायकोबरोबर खरेदीला आलेले असताना यांनी त्यांना भर रस्त्यात बदडलं. बघणाऱ्यांना ते खरंच वाटलं. पुढं कितीतरी वर्षं या जोडीनं गर्दी खेचली. आज कॅनडात ओन्टारियोतल्या मिल्टनमध्ये याच माणसाच्या नावाची शाळा आहे. देश बुडवणाऱ्याच्या नावानं कुणी शाळा काढतं का?

आता माझं ऐका, कारण तुमचा प्रश्न वाचून मला आमचे नाना दिसले. नाना म्हणजे माझे थोरले चुलते, जुने पैलवान.

मी परभणी जिल्ह्यातला. तालमीत वाढलो, जत्रांचे फड मारले. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबापासून जे सुरू व्हायचं ते उन्हाळाभर चालायचं. गंगाखेडच्या पलीकडं गोदाकाठी एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा नानांनी शिकवलं तसं वागलो. मातीला नमस्कार, पंचांच्या पाया पडलो, समोरच्या पोराला घिश्श्यावर चितपट केलं. मिळालं काय? नारळ, थोडंसं इनाम, आणि माईकवाल्यानं माझ्या गावाचं नावसुद्धा चुकीचं घेतलं.

पुढच्या खेपेला मी कंगवा नेला. पंच जोड लावत होते, हलगी कडाडत होती, त्यांचा लाडका पैलवान शड्डू ठोकत फडाला फेरी मारत होता. मी मधोमध उभा राहून आमच्या पोराला हाक मारली, कंगवा मागवला आणि निवांत भांग पाडला. गाव जे खवळलं! एक म्हातारबा उठून ओरडले, "आरसा बी आणून द्या रे नवरदेवाला!" मी त्यांच्याकडं बघून नुसता हसलो. लगेच माईकवर सुरू झालं, "याला पाडील त्याला अमक्या-अमक्याकडून पाचशे", त्याच्यावर दुसऱ्याचे हजार, मग किराणा दुकानवाल्याचे आणखी. मला पाडायला गावानं जे पैसे लावले तेवढे त्यांनी आपल्या पोराच्या कौतुकाला कधी लावले नव्हते.

कुस्ती मात्र खरी झाली, हे लिहून ठेवा. नुरा, म्हणजे आधी ठरवून केलेली, नव्हती. त्या पोरानं ढाक टाकली, मी निसटलो, मी बगलडूब घेतली, तो पालथा पडून राहिला. अंधार पडला तरी निकाल लागेना, तेव्हा पंचांनी बरोबरीत सोडवली आणि इनाम निम्मं-निम्मं वाटलं. ते निम्मंसुद्धा माझ्या नेहमीच्या अख्ख्या इनामाहून जास्त होतं. रात्री ट्रॅक्टरजवळ जत्रा कमिटीतल्या एकानं खांद्यावर हात टाकला, "पैलवान, पुढच्या साली या. अन् कंगवा विसरू नका."

नानांना हे कळलं तेव्हा त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. "लाल मातीत नखरे करायलास? लाज नाही वाटत?" एवढंच शेवटचं वाक्य. नाना आयुष्यभर सज्जन पैलवान राहिले. बाहेरगावीसुद्धा हरलेल्याला उठवून मिठी मारायचे. गावोगावी फेटे बांधले त्यांना. पण गुडघा गेल्यावर त्या फेटेवाल्यांपैकी एकजण बघायला आला नाही. हे मी बोललो की त्यांना राग येतो, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हापासून हाच वाद जिंकायचा आहे.

त्यांचं आवडतं उदाहरण २०२० च्या महाराष्ट्र केसरीचं. हर्षवर्धन सदगीरनं आपल्या लातूरच्या शैलेश शेळकेला हरवलं आणि मग त्यालाच खांद्यावर उचलून घेतलं. "याला म्हणतात कुस्ती," नाना म्हणतात. मान्य! माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ते दोघं काका पवारांच्या एकाच तालमीतले. परक्या गावात, परक्या देशात तुम्हाला खांद्यावर घ्यायला कोण बसलंय?

जिंदर महल २०१७ मध्ये रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीचा चॅम्पियन झाला, तेव्हा आमच्या घरात असाच तमाशा. जिंदर जन्मला कॅनडातल्या कॅलगरीत. त्याच्याच नात्यातले गामा सिंग तिथं खलनायक म्हणूनच गाजले, म्हणजे हा घरचाच धंदा. अमेरिकेत तो माईक घेऊन पंजाबीत बोलायला लागला की लोक चवताळायचे. अहो, त्याआधी त्याला कोण ओळखत होतं? नायकांना हरवून नाही, हरून-हरून दिवस काढत होता तो. डिसेंबरात तोच दिल्लीत ट्रिपल एच या अमेरिकन पैलवानाशी खेळला आणि हरला. "बघ, आपल्या माणसांसमोर हरला," म्हणत नानांनी रिमोट माझ्या हातातून घेतला. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं हे मी त्यांना सांगून दमलो.

आणि खलनायकाचं काम सोपं नसतं. कुस्ती कधी तापवायची, कधी थंड करायची, नायकाला कधी उठू द्यायचं, हे बहुतेक वेळा तोच सांभाळतो. नवशिक्याच्या हाती ते देत नाहीत.

तुम्ही "मुद्दाम होतात" असं लिहिलंय, तिथं थोडं अडतं. पुष्कळदा पैलवान निवडत नाही, कंपनी ठरवते. आयर्न शेख म्हणजे खोसरो वझिरी, इराणचा. चांगला खरा कुस्तीगीर, अमेरिकन संघाला शिकवायलाही होता. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत माणसं ओलीस धरली गेली आणि याच्यासाठी भूमिका आयती तयार झाली. डिसेंबर १९८३ मध्ये चॅम्पियनचा पट्टा जिंकला, महिनाभरात तो अमेरिकन नायक हल्क होगनकडं गेला. होगनला मोठं करायला कुणीतरी पडायला हवं होतं. आणि अशा भूमिकांमुळं तिकडं राहणाऱ्या आपल्या पोरांना शाळेत टोमणे बसत असतील, तेही मी नाकारत नाही. जत्रेतून मी रात्रीच घरी परतायचो, त्यांना तिथंच राहायचं असतं.

तरी तुमच्या घरातलं कुणी पोरगं तिकडं निघालं असेल आणि खलनायक हो म्हणाले, तर अडवू नका. शेवटची कुस्ती मागायला सांगा, आणि मोडलं-तुटलं तर दवाखान्याचा खर्च कुणाकडं, ते सहीच्या आधी कागदावर घ्यायला सांगा. नाना याला पैलवानकी नाही, वाणीगिरी म्हणतात. म्हणू देत.