दोन वर्षं रोज बायबल वाचतोय, तरी मी तोच आहे. विश्वासात वाढ नेमकी होते कशी?

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. दोन वर्षांपूर्वी तुम्ही प्रभू येशूवर विश्वास ठेवलात, बाप्तिस्मा घेतलात. रोज सकाळी दोन अध्याय, रविवारी उपासना, आठवड्यातून एकदा प्रार्थनासभा, यातलं काही चुकत नाही. तरी घरातला राग तसाच आहे आणि कामावरच्या थापाही तशाच. तुम्ही विचारलंय, आज्ञापालन रोजच्या जगण्यात उतरवायचं कसं? आणि मध्येच कंसात एक वाक्य टाकलंय: (मोठ्या भावाशी वर्षभर बोलणं बंद आहे, पण तो विषय वेगळा.)

मी पाळक नाही. एका ऑफिसात हिशोबाचं काम करते. विश्वासात येऊन बावीस वर्षं झाली, आणि त्यातली पहिली नऊ-दहा वर्षं माझी गाडी तुमच्यासारखीच एका जागी उभी होती. म्हणून तुमचा तो कंस वाचला आणि मला हसू आलं. राग मानू नका. माझाही एक कंस होता.

पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकातला 15वा अध्याय आज पुन्हा काढून वाचा. अमालेकी लोकांवरच्या स्वारीत काहीही राखून ठेवायचं नाही, अशी शौल राजाला आज्ञा होती. लढाई जिंकून त्याने आधी स्वतःचं स्मारक उभारलं, आणि संदेष्टा शमुवेल भेटायला आला तेव्हा नमस्कारालाच सांगून टाकलं की परमेश्वराची आज्ञा मी पाळली. शमुवेलाने वाद घातला नाही, एवढंच विचारलं की मग मेंढरांचा हा आवाज कुठून येतोय? शौलाचं उत्तर तयार होतं. चांगली चांगली जनावरं लोकांनी राखलीत, तीसुद्धा परमेश्वराला यज्ञ करायलाच. त्या स्वारीत लोकांनी केवढं रक्त सांडलं हा प्रश्न वेगळा आहे आणि मलाही तो अवघड जातो. पण शौलाची ती बोलण्याची तऱ्हा मला फार ओळखीची वाटते. बहुतेक सगळं पाळलेलं असतं, जे पाळलेलं नसतं त्याला भक्तीचं कारण जोडलेलं असतं, आणि मागे मेंढरं ओरडत असतात.

माझी मेंढरं म्हणजे प्रवासभत्ता. कामासाठी मला बँकेत, कचेऱ्यांत जावं लागायचं. जायचे बसने, अर्जात टॅक्सी लिहायचे. सगळेच लिहायचे. गंमत म्हणजे सगळ्यांचे अर्ज माझ्याच टेबलावरून जायचे, आणि एखाद्याने फारच चढवून लिहिलं असेल तर मी लाल पेनाने गोल करून परत पाठवायचे. माझ्या अर्जावर गोल करणारं कोणी नव्हतं. त्याच काळात मी रविवारी मुलांना दहा आज्ञा शिकवत होते. 'चोरी करू नको' या आठव्या आज्ञेशी आल्यावर आवाज जरासुद्धा हलत नव्हता, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

मला ते कळत नव्हतं असं मात्र म्हणू नका. कळत होतं. प्रार्थनेला बसले की पाच-सात मिनिटांत ते अर्ज डोळ्यासमोर यायचे आणि मी घाईघाईने दुसऱ्यांसाठी विनंत्या सुरू करायचे. आजारी माणसांची यादी माझ्याकडे लांबलचक होती. वाचन वाढवलं, उपास केले, वचनं पाठ केली. वाढ काही होईना, तेव्हा वाटायचं अजून काहीतरी खोल शिकायचं राहिलंय.

शेवटी काय झालं हे सांगताना मोठा प्रसंग रंगवता आला असता, पण तसं काही घडलं नाही. एक दिवस वाचनात गणनाच्या पुस्तकाचा 5वा अध्याय आला. असल्या अध्यायांवरून मी नेहमी पळत जाते. तिथे लिहिलंय की ज्याने दुसऱ्याचं नुकसान केलंय त्याने आपलं पाप कबूल करावं, पूर्ण भरपाई करावी आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. मी हिशोबवाली बाई. 'पाचवा हिस्सा' म्हटल्यावर हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे गेला. जुन्या अर्जांच्या फायली काढल्या, बस आणि टॅक्सीतला फरक काढला, पाचवा हिस्सा मिळवला. आकडा फार मोठा नव्हता. उलट इतका लहान होता की त्याचीच लाज वाटली. एवढ्याशासाठी नऊ वर्षं?

साहेबांकडे गेले, सांगितलं. ते माझ्यापेक्षा जास्त अवघडले. म्हणाले, "अहो, जाऊ द्या ना, कोण करत नाही?" मी पाकीट टेबलावरच ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "पण हे जमा कुठल्या खात्यात दाखवायचं?" आणि खरंच, ते खातं कुठलं हे ऑफिसात एकट्या मलाच ठाऊक असायला हवं होतं. मीच 'किरकोळ जमा' धरली, मीच पावती फाडली. तपशिलाच्या रकान्यात काय लिहावं म्हणून पेन कितीतरी वेळ तसंच हातात. शेवटी लिहिलं: 'प्रवासभत्त्यापोटी जादा घेतलेली रक्कम परत.' खाली स्वतःची सही. पुढे ऑडिटवाल्यांनी नेमक्या त्याच पावतीवर बोट ठेवलं आणि मला सगळं पुन्हा सांगावं लागलं, ते वेगळंच.

आता तुम्ही विचाराल, मग फार आनंद झाला का? नाही. हलकं वाटलं, पण दोनच दिवस. त्यानंतर ऑफिसने सगळ्यांकडे तिकिटं आणि पावत्या मागायला सुरुवात केली आणि सहकारी माझ्याशी महिनोनमहिने तुटक वागले. एका ताईंनी तोंडावर सांगितलं, "तुझा देव तुला लखलाभ, आमच्या पोटावर का पाय?" याला माझ्याकडे आजही चांगलं उत्तर नाही. आज्ञापालनाची किंमत कधी कधी शेजारच्या माणसालाही मोजावी लागते, आणि आपण धुतले गेल्याच्या तोऱ्यात ते दिसत नाही.

पण एक गोष्ट घडली. पाच-सात मिनिटांनंतर प्रार्थनेत जी भिंत आडवी यायची, ती राहिली नाही. आणि त्याच्या मागे दुसरी गोष्ट दिसायला लागली, सासूबाईंशी मी ज्या सुरात बोलायचे तो सूर. ती आधीही तिथेच असणार, मला दिसत नव्हती एवढंच. वाढ म्हणजे काय याचं माझ्याकडचं उत्तर हेच आहे. ठाऊक असलेली एक गोष्ट करा, मग पुढची दिसते. ती केली नाही तर कितीही वाचलं तरी त्याच पानावर. याकोबाने पहिल्याच अध्यायात म्हटलंय की वचन ऐकून तसं न करणारा माणूस आरशात तोंड पाहून जातो आणि लगेच आपण कसे होतो हे विसरतो. तुमचे रोजचे दोन अध्याय म्हणजे रोज दोनदा आरसा. आरसा तिसऱ्यांदा पाहून तोंड धुतलं जात नाही.

इथे एक गफलत होते, तिच्यापासून सांभाळा. पैसे परत केले म्हणून देवाने मला स्वीकारलं, असं नाही. इफिसच्या पत्रात 2ऱ्या अध्यायात क्रम स्पष्ट दिलाय: तारण कृपेने, विश्वासाद्वारे, कर्मांनी नव्हे, आणि लगेच पुढच्या ओळीत, आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत. जक्कय या जकातदाराचंही तसंच. लूकच्या 19व्या अध्यायात येशू आधी त्याच्या घरी उतरतो, लोक कुरकुरतात, आणि मग जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला नाडलं त्याला चौपट परत करतो. आपणहून कबूल करणाऱ्याला नियमशास्त्रात मुद्दल आणि पाचवा हिस्सा एवढंच होतं. चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्याची किंवा विकणाऱ्याची भरपाई, निर्गमच्या 22व्या अध्यायातली. म्हणजे जक्कयाने स्वतःवर चोराचं कलम लावून घेतलं, तेही कोणी न मागता. भीतीने माणूस एवढं देत नाही. ज्याच्या घरी कोणी जात नव्हतं, त्याच्या घरी पाहुणा आला होता.

तुमच्या रागाबद्दल थोडं. तुम्ही लिहिलंय की देवाने मोठं काही सांगितलं तर करीन, पण रोजच्या चिडचिडीत काय आज्ञापालन? दुसऱ्या राजांच्या 5व्या अध्यायात नामान सेनापती अगदी असाच चिडला होता. कुष्ठरोग घेऊन लांबून आला, तर संदेष्टा अलीशा भेटायला दाराबाहेरही आला नाही. निरोप पाठवला की यार्देनेत सात वेळा बुडी मार. आमच्या दिमिष्कातल्या नद्या काय वाईट आहेत, म्हणून तो निघालाच होता. चाकरांनी समजावलं, मोठं काही सांगितलं असतं तर केलं असतंत ना, मग हे एवढंसं का नाही? ती माणसं नसती तर तो तसाच परत गेला असता. रागावर माझ्याकडे मोठा उपाय नाही. मी चिडून बोलले की त्याच दिवशी, त्याच माणसाकडे जाऊन, कारण न जोडता माफी मागते. 'चुकलं माझं, पण तूही...' यातलं 'पण' गाळायला मला फार वर्षं लागली. दहा वेळा असं जावं लागलं की अकराव्या वेळी तोंड उघडायच्या आधीच कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याने मला पुष्कळदा वाचवलंय. इब्रीच्या 5व्या अध्यायात सरावाने तयार झालेल्या ज्ञानेंद्रियांचा उल्लेख आहे. सराव हा तिथलाच शब्द, माझा नव्हे.

थापांचंही तेच, फक्त तिथे मी अजून कच्ची आहे. 'साहेब नाहीत म्हणून सांगा' असं साहेबांनी खुणेने सांगितलं की मी फोनवर म्हणते, "साहेब आत्ता बोलू शकत नाहीत." हे सत्य की चलाखी, माझं अजून ठरत नाही.

शिवाय एकट्याने हे जमत नाही. नामानाला चाकर होते तसं कोणीतरी लागतं. 1742 मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या मंडळ्यांवर इमारतीचं कर्ज होतं. ते फेडायला साधारण बाराबारा जणांचे गट पाडले आणि प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायची ठरवली. गोळा करणारे घरोघर जाऊ लागले, तेव्हा कोणाच्या घरी काय चाललंय ते कळू लागलं, आणि वसुलीच्या त्या गटांतून एकमेकांच्या आत्मिक जीवनाची विचारपूस करायची पद्धत रुजली. मला हे फार आवडतं, कदाचित हिशोबातून निघालं म्हणून असेल. तुमच्या मंडळीत एक माणूस शोधा, बारा नकोत. त्याला तुमचा कंस सांगा आणि पुढच्या रविवारी विचारायला सांगा.

आणि गती कमी वाटली तर मार्कच्या 4थ्या अध्यायातला शेतकरी लक्षात असू द्या. हा दाखला चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कमध्येच आहे. तो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसं वाढतं हे त्याला कळतसुद्धा नाही. रोज उकरून पाहू नका.

आता तुमचा भाऊ. 'तो विषय वेगळा' असं तुम्ही म्हणता, पण मत्तयच्या 5व्या अध्यायात येशू वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला नेमकं हेच सांगतो: भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा. यात चूक कोणाची हे विचारलेलंच नाही. तुमचं भांडण वाटणीचं आहे असं प्रश्नातल्या दुसऱ्या एका ओळीवरून वाटतं. समेट करायचा म्हणजे कागदावर मुकाट सही करायची, असं मी म्हणत नाही. रोमच्या 12व्या अध्यायात पौलानेही 'साधेल तर, तुमच्याकडून होईल तितकं' असंच म्हटलंय. भावाने मारहाण किंवा तसलं काही केलं असेल, तर एकटे जाऊ नका, पाळकांना बरोबर घ्या.

तसं नसेल तर फोन करा. रविवारपर्यंत थांबू नका. बोलायचं काय ते आधी कागदावर लिहून काढा आणि त्यात जमिनीचं, कागदांचं, वकिलाचं काही आलं असेल तर ते खोडा. वर्षभर फोन केला नाही हे माझं चुकलं, एवढं पहिलं वाक्य पुरे. मग वहिनी कशा आहेत ते विचारा. त्याने फोन ठेवून दिला तर दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा करा.