तिचं १२५ कुठून आलं?

प्रश्न : मी २८ वर्षांची, नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला सुरगाण्याकडची एक मुलगी आहे. रात्र रात्र पाठ करते, तरी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी राहिलं. वॉर्डात विचारलं, ५०० एमएल सलाईन ४ तासांत द्यायचंय, मिनिटाला किती थेंब? म्हणाली, १२५. मी पेशंटसमोरच ओरडले, "मारशील कुणाला तरी!" आता ती घरी परत जाते म्हणतेय. वॉर्डात कुणाशी बोलत नाही, फक्त एका म्हाताऱ्या पेशंटशी कोकणा बोलीत गप्पा मारत बसते. मावशी, माझं चुकलं की ती या लाईनची नाहीच?

उत्तर : अगं, चुकलं. ते आधी मिटव. ओरडलीस सगळ्यांसमोर, तर "मी तसं बोलायला नको होतं" हेही त्याच वॉर्डात, त्याच मुलींसमोर सांग. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी अशी माफी एकदाच मागितली. ज्या मागायच्या राहिल्या, त्या पोरींचे चेहरे अजून आठवतात.

आता ते १२५. तुझं पत्र वाचून मी कागद घेऊन बसले. ५०० भागिले ४, म्हणजे तासाला १२५ एमएल. बरोबर आहे की! पोरगी अर्ध्या वाटेपर्यंत सरळ आली होती. पुढे सलाईनच्या नळीचा सेट एमएलला २० थेंबांचा असेल तर १२५ गुणिले २०, भागिले ६०, की झाले ४२च्या आसपास थेंब. "१२५ कसं काढलंस?" एवढं विचारायचं होतं. तुझी भीती खोटी नव्हती म्हणा. १२५ थेंबांनी सोडलं तर बाटली तास-वीस मिनिटांत रिकामी, आणि हृदयाच्या पेशंटला ते झेपायचं नाही. म्हणून सेट तिच्या हातात दे, पाकिटावरचा आकडा तिलाच वाचू दे, घड्याळ लावून थेंब मोजू दे.

ॲनाटॉमीचं दुखणं वेगळं. घरी कोकणा, शाळेत मराठी, आणि आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला असलं तरी पेपर इंग्रजीत. बारावीला ३५वर सुटका होते, इथे थिअरीत ५० आणि प्रॅक्टिकलला वेगळे ५०. समजत नाही म्हणून ती पाठ करते. रक्त हृदयात उजवीकडे येतं, तिथून फुप्फुसात, परत डावीकडे, मग अंगभर, हे तिला आधी तिच्या शब्दांत सांगू दे, वहीवर बोट फिरवत. इंग्रजी नावं त्यावर मागाहून चढव. आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे, पण स्टाफरूममध्ये नको, तिथे तिचं तोंड उघडणार नाही.

स्कॉलरशिपचा अर्ज महाडीबीटीवर अडकलाय का, तेही विचार. घरी जाण्यामागे कधी कधी एवढंच असतं. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे, सोबत जा.

आणि त्या गप्पांची तू तक्रार केलीस, ते मला खटकलं. पेठ-सुरगाण्याच्या पेशंटला कुठे आणि कसं दुखतंय हे आपल्या मराठीत धड सांगता येत नाही. आपण "पेशंट कोऑपरेट करत नाही" असं लिहून मोकळे होतो. त्या आजींच्या पोटात काय चाललंय, हे वॉर्डात एकाच मुलीला ठाऊक असणार.

सोमवारी केस प्रेझेंटेशनला तिला त्याच आजी दे. इंग्रजी शब्दावर अडखळली तर मधे बोलू नकोस.